यूएसबी की पीसीआयई: प्रयोगशाळेच्या संगणकाला कोणतं डॅक?

डॅक (डेटा अ‍ॅक्विझिशन) म्हणजे सेन्सरचा व्होल्टेज आकड्यांत बदलून संगणकाला देणारं उपकरण. ते घेताना बहुतेक प्रयोगशाळा आधी किंमत आणि वेग बघतात. खरं तर आधी सेन्सर बघायला हवा: त्याचा सिग्नल किती व्होल्टचा आणि आउटपुट रोध (सिग्नलच्या वाटेतला सेन्सरचा स्वतःचा रोध) किती, यावरच निवड ठरते. उदाहरणाला एनआय (नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीची दोन उपकरणं घेऊ. यूएसबी-६००८ हा केबलने जोडायचा छोटा डबा, तर पीसीआयई-६३२१ हे संगणकाच्या आत बसणारं कार्ड.

६००८ सेकंदाला १० हजार नमुने घेतं, ६३२१ अडीच लाख. दोन्हींत हा वेग सगळ्या चॅनेलांत वाटला जातो. डिफरन्शियल जोडणीत (दोन तारांमधला फरक मोजताना) ६००८ ला ४ चॅनेल आणि १२ बिट मिळतात, ६३२१ ला ८ चॅनेल आणि १६ बिट. बिट जितके जास्त, तितकी मोजमापाची पायरी बारीक.

खरी गोम इनपुट रोधात आहे: तो कमी असला की डॅक सेन्सरकडून थोडा प्रवाह ओढतं आणि मोजायचा व्होल्टेजच बदलतो. ६००८ चा इनपुट रोध फक्त १४४ किलोओहम आहे आणि मोकळ्या पिनवर ते सुमारे १.४ व्होल्ट दाखवतं. ते बिघाडाचं लक्षण नाही, आतल्या रोधकांची रचनाच तशी आहे. आता १० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर) आणि तेवढाच रोधक एकामागोमाग ५ व्होल्टवर लावा. २५ अंशांला मधल्या बिंदूवर २.५ व्होल्ट यायला हवेत, पण ६००८ जोडताच ते साधारण २.४६ वर उतरतात. म्हणजे तापमानात जवळपास पाऊण अंशाची चूक, आणि आलेखात ती कुठेच खटकत नाही. मध्ये रेल-टू-रेल ऑप-अँपचा बफर (सेन्सरवर भार न टाकता तोच व्होल्टेज पुढे देणारं सर्किट) घातला की प्रश्न मिटतो. ६३२१ चा रोध १० गिगाओहमच्या वर असल्यामुळे तिथे हा त्रास नाही.

थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा, अगदी बारीक व्होल्टेज देणारा तापमानाचा सेन्सर) थेट जोडायचं असेल तर ६००८ चा विचार सोडा. त्याच्या सर्वांत लहान, ±१ व्होल्टच्या पल्ल्यातही एक पायरी अर्ध्या मिलिव्होल्टची असते, आणि के-टाइप थर्मोकपल अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं. एक पायरी म्हणजे १२ अंश!

बसवताना दोन्हींसाठी आधी एनआयचा डीएक्यूएमएक्स ड्रायव्हर टाका, मगच हार्डवेअर जोडा. लॅबव्ह्यूची (एनआयच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरची) आवृत्ती त्या ड्रायव्हरला चालते का, हेही आधीच बघून घ्या. कार्डासाठी संगणक बंद करून वीज काढा, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा आणि कार्ड खाचेत पूर्ण बसेपर्यंत सरळ दाबा. अरुंद केबिनेटच्या संगणकात पूर्ण उंचीचं कार्ड मावत नाही, म्हणून ऑर्डर देण्याआधी झाकण उघडून बघा.

मॅक्समध्ये (एनआयची उपकरणं तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये) 'सेल्फ-टेस्ट' पास झाली म्हणजे संगणक आणि कार्ड एकमेकांशी बोलतात, एवढंच कळतं. मोजमाप बरोबर आहे का, हे टेस्ट पॅनेलमध्ये तपासावं लागतं. ६००८ वर पिन १४ (आउटपुट) ची तार पिन २ (इनपुट) ला जोडा, इनपुट आरएसई (ग्राउंडच्या तुलनेत मोजणी) ठेवा आणि आउटपुटवर २.५ व्होल्ट सोडा. इथे एक पायरी सुमारे १० मिलिव्होल्टची आहे, त्यामुळे एक-दोन पायऱ्यांचा फरक साहजिक. ६३२१ ला १५ मिनिटं तापू द्या, सेल्फ-कॅलिब्रेशन करा आणि मग डिफरन्शियलवर दीड व्होल्टचा सेल लावा. आकडा भरकटत गेला तर सेलचं ऋण टोक १० ते १०० किलोओहमच्या रोधकाने एआय ग्राउंडला (कार्डाच्या ग्राउंड पिनला) जोडा. कार्डात दोष नसतो, सेल अधांतरी, म्हणजे ग्राउंडशी न जोडलेला असतो.

रात्रभर नोंदी घेताना यूएसबी मध्येच गप्प होतं, त्यामागे बहुतेकदा विंडोजचं सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) असतं. ते बंद करा. डबा बदलला की नवा डबा 'डेव्ह२' म्हणून येतो आणि जुना प्रोग्रॅम चालत नाही; मॅक्समध्ये त्याला जुनं नाव द्या.

गोव्यात दमट, खारट हवेचाही हिशेब धरावा लागतो. दोना पावलासारख्या समुद्रालगतच्या जागी स्क्रू टर्मिनल आणि कार्डाचे संपर्क काळवंडतात, मग आकडे उड्या मारू लागतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पुसून काढा. मृगाआधीच्या गडगडाटात बाहेरच्या सेन्सरची लांब तार थेट मदरबोर्डापर्यंत पोचलेली असणं धोक्याचं. ६००८ फुल-स्पीड यूएसबीवर, म्हणजे १२ मेगाबिटवर चालतं, म्हणून त्याला साधा यूएसबी आयसोलेटर (डबा आणि संगणक यांच्यातला विजेचा थेट संबंध तोडणारं उपकरण) पुरतो.

खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत) मानशीपाशी, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारापाशी, पाण्याची पातळी मोजायची असेल तर लॅपटॉप आणि ६००८, सोबत बफर. एकाच जागी कंपनं, थर्मोकपल किंवा पाचसहा चॅनेल मोजायचे असतील तर ६३२१, आणि त्याच ऑर्डरमध्ये ६८ पिनांची केबल आणि टर्मिनल ब्लॉकही लिहा. कार्डासोबत ते येत नाहीत.