मॅकॉले-टू: समघात बहुपदींचं काम करणाऱ्यांनी घ्यावंच

मुंबईत कालिना किंवा पवईत एम.एस्सी. करताना समघात बहुपदींना (ज्यांची सगळी पदं सारख्याच घाताची) हात घातलात, तर मॅकॉले-टू हे बीजगणिताचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर हवंच. ते फुकट आहे. उबंटूवर ॲप्टने थेट बसतं, विंडोजवर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) लागतं. ब्राउझरमधूनही चालतं, पण तिथे हिशोब दूरच्या सर्व्हरवर होतो. लोकलमध्ये उभं राहून मोठी ग्रोब्नर बेसिस (बहुपदींच्या आयडियलचा हिशोबाला सोयीचा जनकसंच) काढायला घेऊ नका.

पेराझ्झोची त्रिघाती देऊन पाहा: अप² + बपफ + कफ². पाच चल, आणि हेसियन (दुसऱ्या पार्शल डेरिव्हेटिव्हच्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट) शून्य. चार चलांपर्यंत हेसियन शून्य आला की चल बदलून एक चल घालवता येतो, हे गॉर्डन आणि नोथर यांनी १८७६ मध्ये दाखवलं. इथे तसं होत नाही: पाचही पार्शल डेरिव्हेटिव्ह रेषीयदृष्ट्या स्वतंत्र आहेत, तरी बैजिकदृष्ट्या बांधलेले आहेत, म्हणजे त्यांच्यात एक बहुपदी नातं आहे. पाच नवे चल या पाच डेरिव्हेटिव्हकडे पाठवणारा ‘मॅप’ लिहून त्याचा ‘कर्नेल’ (शून्यावर जाणाऱ्या बहुपदी) मागितला की नेमकं नातं हातात येतं: पहिला गुणिले तिसरा वजा दुसऱ्याचा वर्ग, म्हणजे प²·फ² − (पफ)². नुसता ‘अवलंबून आहेत’ एवढाच निकाल नाही, प्रत्यक्ष समीकरण मिळतं. याच गोष्टीसाठी हे सॉफ्टवेअर मला सर्वांत मोलाचं वाटतं.

मॅप लिहिताना नव्या पाचही चलांची डिग्री २ द्या. ती विसरलात तर मॅप समघात राहत नाही आणि मोठ्या उदाहरणात कर्नेल रेंगाळतो. फक्त हो-नाही हवं असेल तर कर्नेल नकोच. जेकोबियनमध्ये (बहुपदींच्या पार्शल डेरिव्हेटिव्हच्या मॅट्रिक्समध्ये) चलांच्या जागी यादृच्छिक पूर्णांक घालून रँक काढा. रँक पूर्ण आला तर बहुपदी नक्की स्वतंत्र. कमी आला तर बिंदू बदलून पुन्हा बघा, एका बिंदूवर भरवसा नको. हे परिमेय सहगुणकांवर करा. कॅरॅक्टरिस्टिक ३ मध्ये, म्हणजे जिथे ३ = ० धरतात तिथे, क्ष³ चा डेरिव्हेटिव्ह शून्य होतो आणि स्वतंत्र बहुपदीही अवलंबून असल्यासारखी दिसते.

कॅनॉनिकल फॉर्म (बहुपदी लिहायचा ठरावीक साधा साचा) तपासायलाही हेच हत्यार. तीन चलांच्या चतुर्घातीत १५ सहगुणक असतात. पाच रेषीय फॉर्मच्या (पहिल्या घाताच्या समघात बहुपदींच्या) चतुर्थ घातांची बेरीज घेतली तर पॅरामीटरही १५, म्हणजे हिशोब जुळला असं वाटतं. प्रत्येक रेषीय फॉर्मच्या घनाला तिन्ही चलांनी गुणून पंधरा बहुपदी करा आणि सहगुणकांच्या मॅट्रिक्सचा रँक काढा: १४. पाच फॉर्म हे बिंदू मानले तर पाच बिंदूंतून एक शांकव हमखास जातो आणि त्याचा वर्ग या पंधराही बहुपदींना अपोलर असतो (डेरिव्हेटिव्हसारखा लावला की शून्य देतो), म्हणून एक मिती कमी पडते. क्लेब्शने १८६१ मध्ये हेच सांगितलं होतं. सहावा फॉर्म जोडला की रँक १५ होतो. दोन चलांच्या पंचघातीला मात्र तीन पंचम घात पुरतात, तिथे रँक ६ येतो.

उणीव एकच, पण जाणवणारी: कॅनॉनिकल फॉर्म सर्वसाधारण बहुपदीला पुरतो की नाही हे रँक सांगतो, तुमच्या बहुपदीतले ते रेषीय फॉर्म कोणते, हे त्यातून कळत नाही. दोन चलांत अपोलर आयडियल (तुमच्या बहुपदीला अपोलर असलेल्या सगळ्या बहुपदी) काढून त्याच्या सर्वांत कमी डिग्रीच्या जनकाची मुळं शोधावी लागतात, आणि ती बहुधा परिमेय नसतात.