मरळीसाठी बासचा सरंजाम: दोरा, रॉड आणि ल्युअर यांचा परखड आढावा

ऑनलाइन आणि मोठ्या शहरांतील दुकानांतून मासेमारीच्या हौसेचा जो माल आज कोल्हापुरापर्यंत पोहोचतो, त्यातील बराचसा लार्जमाउथ बास या माशाला डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला असतो. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा. जपानमध्ये तो १९२५ साली नेऊन सोडला गेला आणि तेथे असा फोफावला की, जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात पकडलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या बासची बरोबरी २००९ मध्ये बिवा सरोवरातल्या बासने केली. त्यामुळे अमेरिकी कंपन्यांप्रमाणे जपानी कंपन्यांचाही मोठा माल बासच्याच हिशेबाने तयार होतो. आपल्या पंचगंगेत किंवा भोगावतीत हा मासा नाही. तेव्हा ही साधने आपल्या पाण्यावर आणि आपल्या माशावर कितपत उतरतात, एवढाच या आढाव्याचा विषय आहे.

आपल्याकडे या सरंजामाला साजेसा मासा म्हणजे मरळ. बासप्रमाणेच तीही आडोशाला दबा धरून बसते आणि वरून जाणाऱ्या बेडकावर किंवा माशावर झडप घालते. पण साम्य बहुतांशी तेथेच संपते. बास मोठा आ वासून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, तर मरळ दातांनी पकडते आणि तिचे जबडे व टाळू कठीण हाडाचे असतात. शिवाय ती वर येऊन हवेत श्वास घेऊ शकत असल्यामुळे, ज्या दाट केंदाळाखाली इतर मासे गुदमरतात तेथे ती निर्धास्त राहते. पावसाळा ओसरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या खांबांमध्ये बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात, वरच्या बाजूला पाणी संथ होते आणि केंदाळ साचत जाते; खालच्या बाजूला मात्र उघडा कातळ, दगड आणि वाहते पाणी असते. म्हणजे साधनांची कसोटी तीन ठिकाणी लागते: गळ हाडात रुतला पाहिजे, मासा केंदाळातून ओढून काढता आला पाहिजे आणि दोरा काळ्या दगडावर घासून टिकला पाहिजे. या तिन्ही कसोट्या लक्षात घेता माझे मत असे आहे की, पैसे आधी दोऱ्यावर आणि गळावर खर्च करावेत, मग रॉडवर, आणि ल्युअरच्या, म्हणजे माशाला भुलवणाऱ्या खोट्या भक्ष्याच्या, रंगांवर सर्वांत शेवटी. जाहिरातींचा क्रम नेमका याच्या उलट असतो.

दोऱ्यापासून सुरुवात करतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा, स्वस्त आहे, गाठीला सोयीचा आहे आणि दगडावर बऱ्यापैकी टिकतो. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून चिलापीसाठी बसायचे असेल, तर त्याला पर्याय शोधण्याची गरज नाही. मरळीच्या कामात मात्र त्याचा ताणला जाण्याचा गुण आड येतो. दूरवर केंदाळात बसलेल्या मरळीने ल्युअर म्हणून टाकलेला रबरी बेडूक उचलला आणि आपण झटका मारला, तर त्या झटक्याचा मोठा भाग तंगूस ताणण्यातच खर्ची पडतो आणि गळ हाडाला नुसता टेकून निसटतो. विणीचा दोरा, ज्याला सगळे ब्रेड म्हणतात, जवळजवळ ताणला जात नाही. त्याच जाडीत तो कितीतरी अधिक ओझे पेलतो आणि पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे वर तरंगतो, जे तरंगत्या बेडकासाठी फार सोयीचे आहे. मरळीसाठी ४० पौंडांचा, म्हणजे तेवढा भार पेलणारा, ब्रेड मला पुरेसा वाटतो. केंदाळ फारच दाट असेल तर ५० पौंडांचा घ्यावा.

अडचण अशी की, ब्रेडच्या रिळावर छापलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. हा आकडा घरच्या घरी पडताळून पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. गच्चीवरच्या जाड, गुळगुळीत पाइपाला दोऱ्याचे सात-आठ वेढे देऊन टोक बांधावे, म्हणजे वरच्या बाजूला गाठीवर थेट भार येत नाही. दुसरे टोक वीस लिटरच्या बादलीच्या कडीला पालोमार गाठीने बांधावे, गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी आणि बादली जमिनीपासून वीतभरच उंच लटकेल असे पाहावे. मग लिटरच्या मापाने सावकाश पाणी ओतत जावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो आणि ४० पौंड म्हणजे सुमारे १८ किलो, तेव्हा बादलीचे स्वतःचे वजन धरून सतरा लिटरांच्या आसपास पाणी मावले, तर छापलेला आकडा खरा समजावा. मी तपासलेल्या बिननावाच्या एका स्वस्त ब्रेडने बादली अर्धी भरली तेव्हाच दम सोडला, आणि तोही गाठीपाशी न तुटता मधोमध तुटला. गाठीपाशी तुटलेला दोरा गाठ बदलून सुधारता येतो. मधोमध तुटणारा दोरा मुळातच कच्चा असतो. स्पेक्ट्रा या मजबूत कृत्रिम धाग्यापासून विणलेल्या पॉवर प्रो नावाच्या ब्रेडने त्याच छापील आकड्याला भरलेली बादली पेलली. किंमत अधिक असली, तरी या एका वस्तूत काटकसर करू नये असे मी आग्रहाने सांगेन. हा प्रयोग करताना दोरा हाताला कधीही गुंडाळू नये. ताणलेला ब्रेड कातडी कापतो.

ब्रेडचा खरा दोष दगडावर दिसतो. बंधाऱ्याच्या खांबाच्या कोपऱ्यावर किंवा कातळाच्या कडेवर ताणलेला ब्रेड घासला की त्याचे बारीक धागे पटापट तुटतात. म्हणून बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला पुढचा हातभर भाग जाड तंगुसाचा जोडावा. बास पकडणारे या जागी फ्लुरोकार्बन हा दुसऱ्या प्रकारचा एकेरी प्लॅस्टिक धागा वापरतात, कारण तो पाण्यात कमी दिसतो. नितळ पाण्यात त्याचा उपयोग असेलही. पण पंचगंगेच्या गढूळ पाण्यात त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय तो नायलॉनहून जड असल्याने बुडतो आणि तरंगत्या बेडकाचे नाक खाली ओढतो.

रॉडच्या बाबतीत लांबीपेक्षा ताकद आणि वाकण्याची जागा पाहावी. साडेसहा ते सात फुटांचा, मीडियम हेवी ताकदीचा आणि फास्ट ॲक्शनचा, म्हणजे टोकाकडच्या भागातच प्रामुख्याने वाकणारा रॉड मरळीला योग्य ठरतो, कारण झटक्याचा जोर वाया न जाता गळापर्यंत पोहोचतो. रॉडच्या दांड्यावर किती वजनाचे ल्युअर फेकता येतील हे लिहिलेले असते. पुष्कळ रॉडवर ते औंसांत असते. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. मरळीचे बेडूक साधारणपणे १० ते २० ग्रॅमांचे असतात, त्यामुळे त्या पट्ट्यातला रॉड निवडावा. बासवाले अखंड, एका तुकड्याच्या रॉडचा आग्रह धरतात, कारण त्यांच्याकडे होडी आणि मोठी गाडी असते. शिंगणापूर किंवा रुईच्या बंधाऱ्याकडे दुचाकीवरून जाणाऱ्याने दोन तुकड्यांचाच रॉड घ्यावा आणि सांधा घट्ट बसतो ना, एवढे नीट पाहावे. एकात एक सरकून बसणारे टेलिस्कोपिक रॉड प्रवासाला सोयीचे वाटतात, पण केंदाळातून जोर लावून ओढण्याच्या कामासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही.

दोरा ज्यांतून जातो त्या रॉडच्या कड्या तपासण्यासाठी खिशात थोडा कापूस ठेवावा. प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवला असता एखादा तंतू जरी अडकला, तरी तो रॉड परत ठेवावा, कारण कापूस अडतो तेथे ब्रेडही कापला जाणार. ब्रेड वापरायचा असेल तर कड्यांच्या आत चांगल्या प्रतीचे सिरॅमिकचे अस्तर हवेच. हलक्या कड्यांवर ब्रेड कालांतराने खाच पाडतो. मुठीचे बूच असो की फोम, त्याने फारसा फरक पडत नाही.

रीळ निवडताना मी थोडक्यात सांगेन. बासच्या जगात बेटकास्टिंग रिळाला, म्हणजे फेकताना फिरणाऱ्या आणि अंगठ्याने आवरायच्या रिळाला, मोठा मान आहे आणि हात बसला की त्याने केंदाळातल्या टोपलीएवढ्या मोकळ्या जागेतही ल्युअर नेमका टाकता येतो. मात्र वारा समोरून असेल आणि अंगठ्याचा सराव नसेल, तर दोऱ्याचा असा गुंता होतो की तो सोडवण्यात संध्याकाळ जाते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ३००० किंवा ४००० आकाराचे साधे स्पिनिंग रीळ, म्हणजे फेकताना ज्याचे चाक स्थिर राहते ते, घ्यावे. ब्रेड गुळगुळीत असल्याने तो रिळावर घसरून फिरतो, म्हणून तळाशी आधी थोडा तंगूस गुंडाळावा.

ल्युअरमध्ये सर्वांत जास्त लिहिण्यासारखा आहे तो पोकळ रबरी बेडूक. त्याचा दुहेरी गळ पाठीवर अंगाला चिकटून वर तोंड करून बसलेला असतो, त्यामुळे तो केंदाळावरून, पानांवरून, गवतावरून न अडकता सरकतो. मरळीच्या जबड्यात अंग चेपले गेले की गळाची टोके उघडी पडतात. सारी मदार या चेपल्या जाण्यावर आहे. म्हणून बेडूक घेताना रंग पाहण्याआधी तो अंगठा आणि तर्जनीत दाबून पाहावा. दाब हलका असताना दोन्ही टोके पूर्ण बाहेर यायला हवीत. रबर जाड आणि ताठर असेल तर बास तो बेडूक पोटात घेईलही, पण मरळ दातांत धरून सोडून देईल. दुसरी गोष्ट म्हणजे गळाचा दांडा पुढे नाकातून बाहेर येतो तेथली फट. तेथून पाणी आत शिरते, आणि पाणी भरलेला बेडूक बुडू लागतो. प्रत्येक फेकीनंतर दाबून पाणी काढावे लागत असेल तर तो बेडूक कामाचा नाही. त्या फटीवर लवचिक गोंदाचा एक थेंब लावल्यास बरीच सुधारणा होते. बूया कंपनीचा अर्ध्या औंसाचा पॅड क्रॅशर या दोन्ही बाबतींत मला समाधानकारक वाटला. त्याच्या रबरी झालरीचे पाय थोडे कापून आखूड केले, तर मरळ नुसते पाय पकडून निसटण्याचे प्रमाण कमी होते. रंगाविषयी एवढेच, की खालून पाहणाऱ्या माशाला उजेडासमोर प्रामुख्याने आकृती दिसते; एक काळा आणि एक फिकट पोटाचा असे दोन बेडूक असले की पुरे. पाण्याचा स्फोट झाल्यासारखा आवाज आला, तरी लगेच झटका मारू नये. दोऱ्याला वजन जाणवेपर्यंत क्षणभर थांबावे आणि मग जोर लावावा.

उघड्या पाण्यासाठी रापाला कंपनीचा ओरिजिनल फ्लोटर हा ल्युअर आजही पाहण्यासारखा आहे. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचाचा मासा कोरून आणि त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी लावून त्याची पहिली प्रत घडवली. जखमी माशासारखी त्याची डुलणारी चाल तेव्हापासून नावाजली गेली आहे. बाल्सा लाकडाचा असल्याने अकरा सेंटिमीटरचा फ्लोटरही जेमतेम ६ ग्रॅमांचा भरतो, त्यामुळे वर सुचवलेल्या दणकट रॉडने तो दूर जात नाही. त्याला हलका रॉड हवा. केंदाळात तर तो टाकूच नये, कारण त्याचे तिहेरी गळ पहिल्याच मुळीला अडकतात. बंधाऱ्याखालच्या वाहत्या पाण्यातच त्याची चाल खुलते. स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचे ल्युअर, तेथेच चालतात आणि त्यांच्यासाठी वेगळे काही सांगण्यासारखे नाही.

मऊ प्लॅस्टिकचे किडे आणि मासोळ्या बासवाल्यांच्या विशेष आवडीच्या आहेत. गळाचे टोक पुन्हा त्यांच्याच अंगात लपवण्याची टेक्सास पद्धत शिकून घेतली, तर केंदाळाच्या कडेने त्या उत्तम चालतात. पण मरळीचे दात त्यांची लवकर वाट लावतात, त्यामुळे त्या महाग पडतात. दुचाकीच्या डिकीत एप्रिलच्या उन्हात त्या ठेवू नयेत आणि इतर ल्युअरच्या डब्यात मिसळू नयेत. त्या कडक प्लॅस्टिकला चिकटून दोन्ही वस्तू विरघळल्यासारख्या होतात.

रॉड, रीळ, दोरा आणि डझनभर ल्युअर असलेला तयार संच घ्यावा का, असे अनेक जण विचारतात. असा एक संच मी बारकाईने हाताळला. रॉड चालण्यासारखा होता. दोरा फेकून देण्याजोगा होता आणि ल्युअरचे तिहेरी गळ पक्कडीने हलकेच ओढले तरी सरळ होत होते. गळ आणि त्यांच्या कड्या बदलायच्या म्हटल्या, तर स्वस्तपणाचा फायदा उरत नाही. त्याऐवजी तेवढ्याच पैशांत दोन तुकड्यांचा बरा रॉड आणि मोजका, पण पारखून घेतलेला दोरा घ्यावा, बेडूक सुरुवातीला एकच घ्यावा.

सोबत लांब तोंडाची पक्कड असलीच पाहिजे, कारण मरळीच्या तोंडात बोटे घालून गळ काढता येत नाही. मजबूत दोऱ्याचा आणखी एक लाभ असा की, अडकलेला ल्युअर काठावरूनच ओढून काढता येतो. कृष्णेच्या बाजूला, जेथे मगरींचा वावर आहे, तेथे त्यासाठी पाण्यात उतरणे कोणत्याही ल्युअरच्या किमतीचे नाही. तलाव आणि धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा त्यांची परवानगी आधी घ्यावी, आणि राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकूच नये. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा थवा एकत्र वरखाली होताना दिसला, तर खाली त्यांना राखणारी मरळ असते. त्या दिवसांत ती बेडकावर भुकेने नव्हे, पिलांच्या रक्षणासाठी तुटून पडते, आणि ती उचलली की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. तेथे बेडूक टाकू नये.