राजापूरच्या बाजारातलं झेरॉक्सचं दुकान, जिथे मी एम.एस्सी.ची सीट घेतली

राजापूरच्या बाजारपेठेत, जवाहर चौकापासून दोन मिनिटांवर, एक झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवरचं नाव कधीच पुसून गेलंय, ‘ऑनलाइन कामे केली जातील’ एवढंच वाचता येतं. मार्च ते जुलै मी त्याच्या पायऱ्या इतक्या वेळा चढले की कुठली फरशी हलते ते अंधारातही सांगेन. स्टॅटिस्टिक्सच्या एम.एस्सी.चे अर्ज, ऑफर, वेटिंग, सगळं मी इथे बसून बघितलं. तालुक्यातल्या पुढच्या मुलामुलींना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी दर. काळी-पांढरी प्रिंट ३ रुपये, रंगीत १०, स्कॅन ५. स्वतः कॉम्प्युटरवर बसायचं असेल तर तासाला ३० रुपये. कॉम्प्युटर दोनच. सकाळी अकरा ते एक जाऊच नका. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीएम किसानचं केवायसी, सगळा तालुका त्या वेळेत येतो. दीड ते तीन दुकान बंद म्हणजे बंद. तीननंतर जा, तेव्हा दुकानदार काकांना बोलायला सवड असते.

आमचं गाव खाडीकाठी, राजापूरहून एसटीने पाऊण तास. घरी मोबाइलला रेंज येते ती अंगणातल्या फणसाखाली, आणि पाऊस लागला की तीही जाते. प्रवेशाच्या याद्या नेमक्या मे अखेरपासून जुलैपर्यंत लागतात. फोनवर पोर्टल उघडेल या भरवशावर राहणं मला शक्यच नव्हतं.

जॅमची, म्हणजे आयआयटींमधल्या एम.एस्सी. प्रवेशाची परीक्षा फेब्रुवारीत झाली. मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर, ३ तास, ६० प्रश्न, १०० गुण. केंद्र मुंबई घेतलं होतं. निकालानंतर पोर्टलवर अर्ज भरायचा आणि संस्थांचा पसंतिक्रम लावायचा असतो. हे काम मी शहरातल्या एका सल्ला केंद्राकडे दिलं आणि तिथेच चुकले. त्यांनी फी घेतली, मला काय शिकायचंय ते विचारलं नाही, आणि ‘सगळ्यांना हाच क्रम लावतो’ म्हणत पहिलं आयआयटी मुंबई, दुसरं आयआयटी कानपूर असं भरून टाकलं. मीही मान डोलावली. घरचे खूश होते. मुंबई म्हणजे कोकण रेल्वेने एका रात्रीत घर, आणि डोंबिवलीला मामा.

पहिल्या यादीत मला कानपूर लागलं.

त्या दुपारी मी दुकानात होते. बाबा सोबत होते, मागे एक आजोबा पेन्शनचा हयातीचा दाखला घेऊन उभे होते. पडद्यावर ऑफर आली आणि खाली तीन पर्याय. माझा हात माऊसवर होता आणि मी मधलं दाबणार होते, कारण सल्ला केंद्रातून सकाळीच फोन आला होता, ‘अपग्रेड टाक, सगळे तेच टाकतात.’

काकांचा एक नियम आहे. पैशाचं किंवा परत न फिरणारं बटण ते स्वतः दाबत नाहीत, आणि आपण दाबण्याआधी त्या पानावरचं सगळं मोठ्याने वाचायला लावतात. “बाय, घाई नको करूस. पहिल्यापासून वाच. मराठीत सांग मला, मग दाब.” मला त्यांचा थोडा रागच आला. मागे लोक ताटकळलेले, पाऊस सुरू झालेला, आणि मी इंग्रजी सूचना वाचून त्यांना मराठीत सांगतेय.

पण वाचताना कळलं. ‘ॲक्सेप्ट अँड फ्रीज’ म्हणजे मिळालेली जागा पक्की, पुढच्या याद्यांत आपला विचार होणार नाही. ‘रिजेक्ट अँड क्विट’ म्हणजे जागा सोडली आणि त्या वर्षीच्या जॅम प्रवेशातूनच बाहेर. ‘ॲक्सेप्ट विथ अपग्रेड’ म्हणजे जागा घेतली, पण पुढच्या यादीत पसंतिक्रमात वरचं काही मोकळं झालं तर आपण आपोआप तिकडे जाणार आणि आधीची जागा जाणार. परत मागता येत नाही. आणि मुदतीत काहीच केलं नाही, सीटचे पैसे भरले नाहीत, तर ऑफर गेली असंच समजायचं.

काका म्हणाले, “म्हणजे मुंबई मिळाली तर कानपूर तुला कोण विचारणार नाय?”

“नाही.”

“मग तुला मुंबई हवीय ना?”

मला उत्तर देता येईना. इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. पुढची यादी लागून मी आपोआप मुंबईला गेले असते आणि ते मी निवडलंय असंच समजले असते.

मुदतीला तीन दिवस होते. मी काहीच न दाबता उठले. काकांनी तासाचे पैसे घेतले आणि मागच्या आजोबांना बोलावलं. उगाच ‘विचार कर हं’ वगैरे काही म्हणाले नाहीत. या दुकानाला माझ्याकडून पाच तारे आहेत ते याच दुपारचे.

दुसऱ्या दिवशी येऊन दोन्ही ठिकाणचे अभ्यासक्रम छापून घेतले. प्रिंटरची एक तक्रार इथेच सांगते. डाव्या समासात काळी रेघ येते आणि लहान अक्षरातल्या सूत्रांवर ती नेमकी चढते. काका म्हणतात ड्रम बदलायचाय. मार्चमध्येही हेच म्हणत होते. कागदपत्रं अपलोड करायची असतील तर पीडीएफच घ्या, छापून परत स्कॅन करू नका.

घरी पडवीत कंदिलाशेजारी कागद पसरले, कारण लाईट गेली होती. बाबांचं मत वेगळंच निघालं. त्यांना पुणं हवं होतं. पुणे विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतही माझं नाव यादीत लागलं होतं. तिथला संख्याशास्त्र विभाग १९५३ साली वसंत शंकर हुजूरबाजार यांनी उभा केला. ते कोल्हापूरचे, केंब्रिजला संख्याशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे शिकून आलेले. मी हे सांगितल्यावर बाबा सरसावून बसले. कोल्हापूर म्हणजे आमचं अणुस्कुरा घाटावरचं बाजाराचं गाव, तिकडचा माणूस म्हणजे आपलाच. फी कमी, भाषा आपली, एसटी थेट. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि मी त्या कागदावर लिहिल्याही.

चौथी आशा होती आयएसआयची. १९३१ साली प्रशांतचंद्र महालनोबिसांनी कोलकात्यात सुरू केलेली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. मे महिन्यात परीक्षा दिली होती, सकाळी पर्यायांचा पेपर, दुपारी उत्तरं सोडवून लिहायची. नंतर मुलाखत झाली आणि एम.स्टॅट.च्या, म्हणजे तिथल्या संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, वेटिंग लिस्टवर नाव आलं. शिकवणी फी नाही, वर महिन्याला ८ हजारांचं विद्यावेतन. आमच्यासारख्या घरात हा आकडा ऐकल्यावर आई दोनदा विचारते, शिकायचे पैसे ते आपल्याला देणार?

वेटिंग कुठवर सरकेल याचा अंदाज काढायला मी बसले. सीनियर ताईकडून मागच्या तीन वर्षांचं कळलं. एका वर्षी यादी बरीच सरकली, एका वर्षी थोडी, एका वर्षी जवळपास नाहीच. तीन निरीक्षणं. त्यातून सरासरी काढली आणि मग विश्वास अंतराल, म्हणजे खरा आकडा ज्या हद्दीत असावा ती हद्द, काढला तर तो एवढा रुंद आला की माझा नंबर त्यात कुठेही बसत होता. बाजूला आजी वाल सोलत होती. राजापूरजवळच्या उन्हाळे गावी अधूनमधून जमिनीतून पाणी येतं, त्या गंगेचं तिच्याकडे पक्कं गणित आहे. तीन वर्षांनी येते असं सगळे म्हणतात, पण ती आधीही येते, उशिराही येते, चौदा कुंडं आपली तयार ठेवायची. मी कागद बाजूला ठेवला.

ठरलं ते फोनवर. एक ताई कानपूरला शिकलेली, एक दादा मुंबईला. दोघांनाही मी एकच विचारलं, रविवारी काय करता? दादा म्हणाला, नातेवाईकांकडे जातो, कोणाचं ना कोणाचं काही असतंच. ताई म्हणाली, गृहपाठ संपवते आणि झोपते. शिकवणारे दोन्हीकडे चांगलेच आहेत, फरक होता तो माझ्या गरजेचा. मला दोन वर्षं फक्त शिकायचं होतं. मामाकडची बारशी, मुंजी, गणपतीची मदत, यातून मी सुटले नसते, आणि सुटावं असं तोंडाने म्हणायची हिंमतही मला झाली नसती. कानपूर लांब आहे. मुंबईहून पुष्पक एक्सप्रेस. हे लांब असणंच मला हवं होतं. आईला सांगताना रडू आलं, पण सांगितलं.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या मुदतीला, दुकानात. फ्रीज दाबलं. पैसे भरताना ओटीपी येईना. रस्त्यावर जाऊन फोन वर धरला तेव्हा आला, तोवर वेळ संपलेली. दुसऱ्या प्रयत्नात पैसे खात्यातून गेले आणि पोर्टलवर ‘पेंडिंग’. माझे पाय गार पडले. काकांनी आधी पडद्याचा फोटो काढला, मग व्यवहाराचा क्रमांक कागदावर लिहून घेतला, मग पोर्टलच्या मदत कक्षाला ईमेल लिहायला बसवलं. “पुन्हा भरू नको. आधी लिहून ठेव काय झालं ते.” साडेसहाला दुकान बंद होतं, त्या दिवशी पावणेआठपर्यंत शटर अर्धं वर होतं. सव्वासातला ‘सक्सेस’ आलं. म्हणून सांगते, शेवटच्या दिवसावर ठेवू नका, आणि ठेवलंच तर फोटो काढल्याशिवाय पान बंद करू नका.

अजून एक माहिती, जी मला सल्ला केंद्राने दिली नाही. फ्रीज केलं म्हणजे आयएसआयचं दार बंद होत नाही. ठरलेल्या तारखेपर्यंत जॅमची जागा सोडता येते, थोडी रक्कम कापून बाकी परत मिळते. ती तारीख वहीत लाल पेनाने लिहा. मी ती तारीख येईपर्यंत वेटिंग बघत राहिले. २९ जूनला, महालनोबिसांच्या वाढदिवशी, सांख्यिकी दिन म्हणून मुद्दाम आशेने गेले. यादी हलली नव्हती. नंतर हलली, पण माझ्यापर्यंत आली नाही. वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

दुकानाची मोठी उणीव म्हणजे आडोसा नाही. पडदा रस्त्याकडे तोंड करून आहे, तुमचा रँक मागचा माणूस वाचतो आणि मासळी बाजारापर्यंत पोचवतो. ज्यांना कमी गुण पडलेत त्यांच्यासाठी हे जाचक आहे. काकांना मी दोनदा सांगितलंय, निदान भिंतीकडचा कॉम्प्युटर फिरवा.

जुलैत अर्जुना आणि कोदवली नद्यांचं पाणी चौकात आलं त्या दिवशी मला प्रवेशपत्राची प्रिंट हवी होती. दुकान खाली रिकामं. काका आणि त्यांचा मुलगा दोन्ही सीपीयू माळ्यावर घेऊन बसलेले, इन्व्हर्टरवर एक चालू. शिडीवरून वर बोलावलं, तीन प्रती काढून दिल्या, पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. नऊ रुपये घेतले.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक कोरा कागद दिला आणि त्या तीन बटणांचे अर्थ मराठीत मोठ्या अक्षरात लिहून मागितले. मी खाली पैसे परत मिळण्याची ओळही जोडली. तो कागद भिंतीकडच्या कॉम्प्युटरच्या उजवीकडे चिकटवलेला आहे. पूर भरायला लागला की तोही काढून माळ्यावर नेतात, त्यामुळे पावसाळ्यात दिसला नाही तर मागून घ्या.