जानेवारीच्या प्रवेशासाठी खोली शोधताना: एका विद्यार्थी-निवास सेवेचे परीक्षण

विद्यार्थ्यांना खोल्या मिळवून देणाऱ्या ऑनलाइन सेवांची रचना बहुधा शैक्षणिक वर्षाच्या आरंभी येणाऱ्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते, आणि जानेवारीच्या सत्रासाठी मी वापरलेली सेवाही त्याला अपवाद नव्हती. तिचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण माझा रोख एका कंपनीपेक्षा या व्यवस्थेवर अधिक आहे. तिच्यामार्फत मला राहण्याजोगी खोली मिळाली आणि पैसेही बुडाले नाहीत, तरीही वर्षाच्या मध्यावर प्रवेश घेणाऱ्याला मी ती काही अटी सांगूनच सुचवेन.

सप्टेंबरला वर्ष सुरू होते तेथे जानेवारीत उपलब्ध होणारी खोली ही बहुतेक वेळा कोणाच्या तरी अर्धवट राहिलेल्या कराराचा उरलेला भाग असते. एका सत्रापुरता आलेला विद्यार्थी मायदेशी परततो, कोणी शिक्षण सोडतो, कोणाला दुसऱ्या शहरात इंटर्नशिप मिळते. भाडेकरार मात्र उन्हाळ्यापर्यंत चालूच असतो आणि त्याचे उरलेले महिने कोणीतरी उचलावेत, अशी निघून जाणाऱ्याची धडपड असते. (फेब्रुवारीत वर्ष सुरू होते तेथे हेच चित्र जुलैच्या सुमारास दिसते.) त्यामुळे हा करार कधी संपतो आणि यापुढे तो कोणाच्या नावावर राहणार, हे भाड्याच्याही आधी कळायला हवे. नेमकी हीच माहिती सेवेच्या शोधपानावर नाही. तेथे येण्याची तारीख आणि भाड्याची कमाल मर्यादा एवढेच विचारले जाते; जाण्याची तारीख भरणे ऐच्छिक आहे, आणि ती भरली तरी निकालांच्या क्रमात काही फरक पडत नाही.

याचा परिणाम किरकोळ नाही. सप्टेंबर ते ऑगस्ट असा 12 महिन्यांचा करार जानेवारीत हाती आला तर 8 महिने उरतात. जानेवारीत सुरू झालेला एका वर्षाचा अभ्यासक्रम मात्र डिसेंबरपर्यंत चालतो. मधले 4 महिने नेमके अशा वेळी सुरू होतात, जेव्हा नवीन वर्षाचे विद्यार्थी शहरात दाखल होत असतात आणि घरमालकाला पूर्ण वर्षभर राहणारा भाडेकरू सहज मिळत असतो. चार महिन्यांसाठी येऊ पाहणाऱ्याला तो दारात कशाला उभा करील? म्हणूनच मुदतवाढीचा प्रश्न नोंदणीपूर्वीच विचारून त्याचे उत्तर लेखी घ्यावे. सेवेच्या संदेशपेटीतून हे विचारता येते आणि तेथील संवादाची प्रत दोन्ही बाजूंकडे राहते, ही सोय मला खरोखर मोलाची वाटली. फोनवर ‘बघू, करू काहीतरी’ असे म्हणणारा मालक लिहिताना तारीख घालतो.

माझा सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच आहे. दोन अगदी भिन्न प्रकारचे व्यवहार ही सेवा ‘उपलब्ध खोली’ या एकाच शीर्षकाखाली दाखवते. पहिल्या प्रकारात जुना विद्यार्थी करारातून बाहेर पडतो आणि त्याच्या जागी नव्याचे नाव लागते. तेव्हापासून नव्या भाडेकरूचा संबंध थेट मालकाशी असतो. दुसऱ्या प्रकारात करार जुन्याच्याच नावावर राहतो आणि नवा विद्यार्थी त्याचा पोटभाडेकरू होतो. दुसऱ्या प्रकारात मालकाची लेखी संमती नसेल, तर भाडे वेळच्या वेळी भरूनही खोली सोडण्याची पाळी येऊ शकते, आणि अनामत रक्कम ज्याच्याकडे दिली तो एव्हाना दुसऱ्या देशात असतो. मला दाखवलेल्या खोल्यांत दोन्ही प्रकार होते. कोणती खोली कोणत्या प्रकारातली, हे कराराचा मसुदा मागितल्यावरच कळले. मसुदा देण्यास जे जाहिरातदार टाळाटाळ करीत होते त्यांना मी सरळ वगळले, आणि इतरांनीही तेच करावे असे मला वाटते.

अनेकांनी मिळून घेतलेल्या घरांबाबत सावधगिरी आणखी वाढवावी लागते. अशा घराचा करार कित्येकदा सर्वांच्या नावे एकत्र असतो आणि संपूर्ण भाड्याची जबाबदारी प्रत्येकावर येते; म्हणजे एकाने भाडे थकवले तर मालक ते उरलेल्यांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. अनोळखी मंडळींच्या अशा करारात मध्येच नाव घालण्यापेक्षा, फक्त आपल्या खोलीपुरता स्वतंत्र करार थोडा महाग असला तरी बरा. सेवेच्या फिल्टरमध्ये ‘खासगी स्नानगृह’ आणि ‘सायकल ठेवण्याची जागा’ आहे, पण ‘स्वतंत्र करार’ हा पर्याय नाही!

पैशांच्या बाबतीत मात्र सेवा चोख आहे. पहिल्या महिन्याचे भाडे ती स्वतःकडे ठेवते आणि विद्यार्थी खोलीत राहायला आल्यानंतर 48 तास उलटल्यावरच मालकाला देते, त्यामुळे खोली जाहिरातीप्रमाणे नसेल तर तक्रार करण्यास अवधी मिळतो. हे संरक्षण सेवेमार्फत भरलेल्या रकमेलाच मिळते, म्हणून ‘थेट माझ्या खात्यात भरा, सेवाशुल्क वाचेल’ असे सुचवणाऱ्या जाहिरातदाराशी व्यवहार तेथेच थांबवावा. छायाचित्रांखालच्या ‘पडताळणी झाली’ या शिक्क्यावरही फार विसंबू नये. माहितीपानानुसार पडताळणी जाहिरातदाराच्या ओळखपत्राची होते. खोली कोणी प्रत्यक्ष पाहिलेली असेलच असे नाही. थेट व्हिडिओ कॉलवर खिडकीतून बाहेरचा रस्ता दाखवायला सांगणे आणि जाहिरातीतली छायाचित्रे इंटरनेटवर अन्यत्र आढळतात का ते तपासणे, ही कामे विद्यार्थ्यालाच करावी लागतात.

खोली ताब्यात घेतानाची नोंद हा भाग सेवेने पूर्णपणे मालकावर सोडला आहे. मध्येच येणाऱ्यासाठी ही नोंद विशेष महत्त्वाची असते, कारण भिंतीवरचे डाग आणि कपाटाचे मोडके दार हा आधीच्या भाडेकरूचा वारसा असतो आणि अनामत रकमेतून कपात मात्र शेवटी राहणाऱ्याच्या वाट्याला येते. पहिल्याच दिवशी तारीख दिसेल अशी छायाचित्रे काढून मालकाला पाठवावीत. विजेच्या आणि गॅसच्या मीटरचे आकडेही त्यातच घ्यावेत; बिलांचा हिशेब वर्षाअखेरीस एकदम होत असेल, तर दुसऱ्याने वापरलेल्या उष्णतेचे पैसे भरण्याची वेळ त्यामुळे टळते.

ग्राहकसेवेची उत्तरे लवकर येतात, पण पहिले उत्तर ठरावीक साच्यातले असते. सेवाशुल्क परत न मिळण्याची अट नोंदणीच्या अखेरच्या पानावर आहे. ज्यांच्या व्हिसाचा निर्णय अजून व्हायचा आहे त्यांनी ती आधी वाचावी.

विद्यापीठाच्या निवास कार्यालयाशी तुलना केल्यास सेवेचा वेग निर्विवाद जास्त आहे. निवास कार्यालयाला सत्रअखेरीस कोण खोली सोडणार हे कळेपर्यंत जागांचा अंदाज येत नाही, आणि नवागतांना खोलीची हमी देणारी विद्यापीठेही ती हमी कित्येकदा वर्षारंभी येणाऱ्यांपुरतीच ठेवतात. तरी तेथील प्रतीक्षायादीत नाव घालावेच, कारण विद्यापीठाच्या खोलीत करार कोणाच्या नावावर, ही भानगड उद्भवत नाही. यादीतून उत्तर येईपर्यंत थोड्या मुदतीची खोली घ्यायची असेल तर ही सेवा चांगली आहे: दीड-दोन महिन्यांच्या जागा तिच्याकडे भरपूर आहेत आणि त्यांच्या जाहिरातीत शेवटची तारीख स्पष्ट दिलेली असते. दीर्घ मुदतीच्या जाहिरातींतही कराराची समाप्ती दाखवावी, अशी सूचना मी त्यांना लेखी केली होती. ती नोंदवून घेतल्याचे उत्तर आले, पण शोधपान अजून जसेच्या तसे आहे.