९००चा एक म्हणजे ४५०चे दोन नव्हेत

ओढ्याने आमच्या शेताचे दोन तुकडे केलेत. पलीकडच्या तुकड्यात ट्रॅक्टर न्यायचा तर मोठा वळसा पडतो. पूल बांधायची ऐपत नव्हती, म्हणून स्वस्तातली मोरी करायची ठरवली. ओढ्यात सिमेंटचा पाइप, त्यावर भराव, वर काँक्रीट, की गाडी पार. सांगायला एवढंसं काम. पण त्यात फसवायला किती जागा असतात ते मला पैसे मोजून कळलं.

ठेकेदार बोलायला गोड. ठरलं होतं ९०० मिलिमीटरचा एक पाइप. कामाच्या दिवशी ट्रॉलीतून उतरले दोन बारके. ‘नऊशेचा मिळालाच नाही दादा, साडेचारशेचे दोन आणलेत. नऊशे ते नऊशेच की!’ वर दोन्ही पाइप शेजारी ठेवून त्याने टेप लावला, तोही या पाइपाच्या बाहेरच्या कडेपासून त्या पाइपाच्या बाहेरच्या कडेपर्यंत. ‘बघा, मीटरच्या वर भरतंय. तुमचाच फायदा.’ मी मान डोलावली.

वर्तुळाचं क्षेत्रफळ काढताना त्रिज्येचा वर्ग करायचा असतो, हे मुलाला मीच शिकवलंय. व्यास निम्मा झाला की तोंड पाव होतं. म्हणजे ४५०ची दोन तोंडं मिळून ९००च्या एका तोंडाच्या निम्मीच. पाणी तर निम्मंही जात नाही, कारण बारक्या पाइपात ते कडेला जास्त घासतं. उतार तोच असेल तर दोन्ही मिळून मोठ्या पाइपाच्या जेमतेम एक तृतीयांश पाणी नेतात. उरलेलं जाणार कुठे, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही.

पाइप त्याने एकमेकांना चिकटवून बसवले. दोन पाइपांमध्ये निदान अर्ध्या व्यासाइतकी जागा सोडतात, म्हणजे धुम्मस आत जातो आणि भराव ठोकता येतो. इथे खाली जी पाचरीसारखी फट राहिली तिथे धुम्मस काय, माझा हातही जाईना. भराव पंधरा-वीस सेंटीमीटरच्या थरांनी, दोन्ही बाजूंनी सारखा ठोकत आणायचा असतो. याने ओढ्यातलाच गाळ मशीनने एका दमात लोटला. ‘गाडी फिरली की आपोआप दबेल.’ तोंडाशी दगड रचून वरून गिलावा मारला. दिसायला भिंत झकास, पण पाया कुठेच नाही. अशी भिंत ओढ्याच्या तळाखाली उतरलेली लागते, नाहीतर पाणी खालून वाट काढतं.

काँक्रीट वीस सेंटीमीटर ठरलं होतं. कडेच्या फळ्या वीसच्याच लावल्या होत्या आणि मोजणारा कडेलाच मोजतो. मी मोजलं, वीस भरलं. मधे भराव किती उंच ठेवला होता ते वाकून बघितलं नाही. निम्मे पैसे आधी दिले होते, बाकीचे काँक्रीट ओतलं त्याच संध्याकाळी नेले. ‘मिक्सरवाला थांबलाय दादा.’ पुढे रिकामी ट्रॉली दोन-चारदा नेली, काही झालं नाही. मी शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवतही होतो.

पहिला पूर काही फार मोठा नव्हता. वरून वाहत आलेली एक बाभळीची फांदी दोन्ही तोंडांवर आडवी बसली, तिच्यावर पाचोळा साठला आणि मोरीचं धरण झालं. वरच्या अंगाला राहणाऱ्या काकांच्या शेतात पाणी घुसलं. ते रात्री दारात येऊन जे बोलले त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहाटेपर्यंत पाण्याने त्या न ठोकलेल्या पाचरीतून वाट काढली.

सकाळी एक पाइप तिरका होऊन खाली गेला होता. काँक्रीटचा निम्मा पत्रा अधांतरी लोंबत होता. हो, पत्राच. मोडलेल्या कडेला घरचा टेप लावला, नऊ सेंटीमीटर भरलं. सळई तुटली नव्हती, कारण त्या बाजूला ती घातलेलीच नव्हती.

कागद काढून बघितला. ‘पाइप टाकून रस्ता करून देणे, एक काम.’ एवढंच. यावर भांडायचं कशावरून? आता कुणी विचारलं तर सांगतो, पाइपाचा आतला व्यास लिहून घ्या. पाइप किती वजनाच्या गाडीसाठी आहे, काँक्रीट मधोमध किती जाड, सळई कुठून कुठपर्यंत, तेही लिहून घ्या. भराव टाकताना आणि सळई झाकायच्या आधी स्वतः तिथे उभे राहा. आणि चांगली मोठी रक्कम पहिला पूर जाईपर्यंत सोडू नका, मग मिक्सरवाला थांबलेला असो नाहीतर बसलेला.

माझीही चूक होती. ९०० हा आकडासुद्धा माझाच अंदाज होता. वरच्या किती जमिनीचं पाणी या ओढ्याला येतं, हे ना मी विचारलं, ना त्याने. परवानगीचं विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला होता, ‘स्वतःच्या जमिनीत कसली परवानगी?’ जमीन माझी, पण पाणी वरच्या काकांकडून येतं आणि खालच्याकडे जातं. परवानगीसाठी गेलो असतो तर वरच्या किती जमिनीचं पाणी येतं, हाच पहिला प्रश्न तिथल्या अभियंत्याने केला असता.

आता पाइप नाहीच. ओढ्याच्या तळाला लागूनच काँक्रीटची फरशी केली, दोन्ही कडांना खोल उतरवलेल्या भिंती, दोन्ही काठांना सौम्य उतार. पाणी वरून जातं आणि पूर असला की आम्ही काठावर थांबतो. उथळ ओढ्याला हे आधीच सुचायला हवं होतं.

फरशी झाल्यावर त्या ठेकेदाराचा फोन आला. ‘दादा, निसर्गापुढे कुणाचं चालतं? या वेळी तीन पाइप टाकू, सवलतीत.’ मी आधीच हिशेब करून ठेवला होता. ९००च्या एका पाइपाइतकं पाणी न्यायला ४५०चे सहाही पुरत नाहीत. म्हटलं, ‘सात टाकतोस?’ तो म्हणाला, रेंज नाहीये.