हमूर घ्यायचा तर अख्खाच, आणि या गाळ्यावरून (दुबई वॉटरफ्रंट मार्केट)

देरा फिश मार्केट बंद होऊन २०१७ ला हे एसीवालं मार्केट सुरू झालं तेव्हापासून आमची मासळी इथूनच. फिश सेक्शनमध्ये आतल्या रांगेत एक केरळी चेट्टा (मल्याळममध्ये दादा) बसतो, त्याच्या गाळ्याबद्दल लिहितोय, कारण इथे हमूर या माशाच्या नावाखाली काय काय खपवतात ते दुबईकरांना सांगायला नको. मागे एका हॉटेलात हमूर फ्राय म्हणून जे पुढ्यात आलं ते सरळ सरळ बासा (गोड्या पाण्यातला स्वस्त मासा) होतं, पातळ, लिबलिबीत, काट्याचमच्याने उचलायला गेलं की लगदा.

चेट्टा फिलेट विकतच नाही, अख्खा मासा कातडीसकट समोर ठेवतो आणि म्हणतो बघून घ्या. मग बघायचं काय तर ठिपके. खरा हमूर म्हणजे आपल्याकडच्या गोबऱ्याच्याच (ग्रुपर) खानदानातला, अंग मातकट, पोट पांढरट, आणि डोक्यापासून शेपटीच्या परापर्यंत नारिंगी-तपकिरी बारीक ठिपके, जणू कोणी हळदकुंकवाचं पाणी शिंपडलंय. अंगावर ५ पुसटशा काळपट तिरक्या पट्ट्या असतात, पोटाकडे येताना त्यांना फाटे फुटतात, पण बर्फात राहून रंग उतरला की त्या नीट दिसत नाहीत म्हणून मी त्यावर फार भरवसा ठेवत नाही. शेपूट मात्र फसवत नाही, पंख्यासारखी गोल. शेजारच्या ट्रेमध्ये तसलाच ठिपक्यांचा एक छोटा मासा होता, त्याची शेपटी सरळ कापल्यासारखी आणि कडेला बारीक पांढरी किनार, तो पण गोबऱ्यातलाच पण वेगळी जात, चेट्ट्याने न विचारताच सांगितलं की हा तो नाही. तिसरा एक जुळा भाऊ आहे, त्याचे ठिपके काळपट आणि मधेमधे फिकट पांढरे डाग, तिथे भलेभले गंडतात. चवीला तोही वाईट नाही म्हणा.

जबडा खालचा पुढे आलेला, तोंड हे एवढं मोठं, पाठीवर ११ काटे, हात जपून घाला.

छोटे हमूर तो ठेवत नाही हे मला जास्त आवडलं. हे मासे आधी माद्या असतात आणि मोठे झाल्यावर त्यातले काही नर होतात, त्यामुळे लहानच उचलले तर पुढची पैदास होणार कशी, आणि आखातात हमूर आधीच बेसुमार मारलाय.

तक्रार एकच, अर्धा कापून देत नाही, चार माणसांच्या घराला अख्खा मासा म्हणजे फ्रीजर भरला. आणि भावात घासाघीस केली की ऐकू येत नसल्यासारखं करतो. साफ करायचे पैसे वेगळे, तिथे तुकड्या जाड सांगा आणि मुंडी मागून घ्या, टाकून देऊ नका, तिरफळं घातलेल्या कालवणात तीच लागते. साडेचार स्टार. वीकेंडला सकाळी लवकर जा, अकरानंतर पार्किंगचे वांधे.