तुंबाड लावू की भ्रमयुगम?

भाच्याचा फोन आला. "मामा, शनिवारी पोरं जमणार आहेत आमच्या खोलीवर. चौघांतल्या कुणीच दोन्ही बघितलेले नाहीत. तुंबाड लावू की भ्रमयुगम? एकच सांग की." एकच सांग म्हणणाऱ्याला मी या दोन्ही भुताच्या सिनेमांबद्दल, हिंदी तुंबाड आणि मल्याळम भ्रमयुगमबद्दल, पाऊण तास ऐकवलं. शेवटी त्यांनी मॅच बघितली म्हणे. दुसऱ्या कुणावर ही पाळी येऊ नये म्हणून लिहून ठेवतोय.

गोष्टी सांगत बसत नाही, नटनट्यांची यादीही देत नाही. ज्याला हा प्रश्न पडतो त्याला तेवढं ठाऊक असतंच. दोन्हींत पाऊस आहे, पडायला आलेला वाडा आहे आणि वाड्यात बसून राहिलेलं काहीतरी आहे. फरक एवढाच की तुंबाडमधला माणूस त्या वाड्यात आपल्या पायांनी पुन्हा पुन्हा जातो, आणि भ्रमयुगममधला एकदाच जातो. त्याला पुढं बाहेरच पडता येत नाही. कुणाला कशाची भीती जास्त वाटते, यावर अर्धा निकाल इथंच लागावा.

पावसाचं म्हणाल तर आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली माणसं. जांबोटी, कणकुंबीकडं नातलग. जूनपासून कौलांवर शेवाळ, चुलीवरच्या दोरीला वाळत घातलेले कपडे आणि घरभर त्या धुराचा वास. सिनेमातला पाऊस नळीनं पाडलाय की आभाळानं, याबाबत आम्हाला फार वेळ फसवता येत नाही. तुंबाडचा पाऊस मला खरा वाटला. त्यांनी कितीतरी पावसाळे थांबून थांबून चित्रण केलं, हे नंतर वाचलं तेव्हा आश्चर्य वाटलं नाही. दगडी भिंतीत ओल कशी वर चढत जाते, ते त्यात दिसतं.

तुंबाड मी दोनदा थिएटरात बघितला. ऑक्टोबर २०१८ मध्ये लागला तेव्हा पहिल्याच आठवड्यात बेळगावात गेलो तर माणसं वीसेक असतील, त्यातली चार मध्यंतरात गेली. मी मात्र बाहेर आलो तो खुळ्यासारखा. मग सप्टेंबर २०२४ मध्ये तोच सिनेमा पुन्हा लावला, तर तिकीट मिळेना. त्या खेपेला त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. सहा वर्षांत सिनेमा काही बदलला नव्हता, लोक बदलले. माझ्या शेजारच्या पोरानं तर पिठाच्या बाहुल्या बाहेर निघण्याआधीच मित्राला सांगून टाकलं, "आता बघ हं!" मी त्याच्याकडं बघितलं, तेव्हा गप्प झाला.

चित्रं म्हणाल तर तुंबाडला तोड नाही. विहिरीच्या तळाशी ते लाल, मांसल, धडधडणारं पोट, लंगोटात लपवलेली सोन्याची नाणी, साखळीनं बांधलेली म्हातारी. त्या म्हातारीच्या रंगरंगोटीखाली एक लहान मुलगा होता, आणि पुढं नायकाच्या, विनायकाच्या, मुलाचं कामही त्यानंच केलंय, हे कळल्यावर मी ते प्रसंग पुन्हा लावून बघितले. तरी ओळखू येत नाही. १९१८, १९३३, १९४७ असे तीन टप्पे, बापाकडून मुलाकडं जाणारा लोभ, आणि वाडा सरकारजमा होणार म्हटल्यावरची धावपळ. आमच्याकडंही जुन्या वाड्यांच्या उताऱ्यावर बत्तीस नावं असतात, त्यामुळं तो भाग मला भुतापेक्षा जास्त लागला.

तरीही माझं मन एका जागी अडलं. अडलं ते तोंडी भाषेपाशी.

तुंबाड गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. त्यातली म्हातारी मराठी भयकथाकार नारायण धारपांच्या गोष्टीतून आली, असं दिग्दर्शक राही बर्वे यांनी सांगितलेलं आहे. लुगडं मराठी, पंचा मराठी, वाडा मराठी, कोनाड्यातली पणतीसुद्धा आपली. आणि ही सगळी माणसं तोंड उघडतात ती हिंदीत. दरवेळी माझी भीती दोन पावलं मागं सरते आणि मग पुन्हा पुढं येते. तुम्हाला हे कदाचित जाणवणारही नाही. पैसा घालणाऱ्यांना देशभर दाखवायचा होता, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण मराठी-कन्नड सीमेवरच्या आमच्या भागात माणूस कान टवकारूनच मोठा होतो. दुकानाची पाटी, एसटीचा बोर्ड, शाळेचा दाखला, कुठं कुठली लिपी आहे हे आधी डोळ्यात भरतं, मजकूर नंतर. ही खोड सिनेमा बघताना सुटत नाही.

आणि भीतीला तर भाषा असतेच. मला आजीनं बागुलबुवानं घाबरवलं, भिंतीपलीकडच्या कन्नड काकूंनी त्यांच्या पोरांना गुम्मानं घाबरवलं. मी त्यांच्या घरी खेळायला गेलो की गुम्माचं नाव काढलं तरी मी शेंगा खात बसायचो, आणि त्यांचा मुलगा आमच्याकडं बागुलबुवाला हसायचा. एकमेकांची भुतं आम्हाला लागूच पडली नाहीत. पुढं नव्वदच्या दशकात ते 'नाळे बा' प्रकरण आलं. रात्री दार वाजवणाऱ्या बाईसाठी दारावर कन्नडमध्ये लिहायचं, 'उद्या ये'. आमच्या गल्लीतही खडूनं दोन-चार दारांवर उमटलं होतं. आजीला कन्नड वाचता येत नव्हतं. कुणी वाचून दाखवल्यावर तिला वाटलं, दारावर 'बा' लिहून कुणीतरी बापाला हाक मारतंय. अर्थ सांगितल्यावर ती म्हणाली, "आणि भुतीण मराठी असली तर?" मग खाली मराठीतही लिहिलं. आमचं दार बहुधा एकमेव असेल जिथं दोन्ही भाषांवरून भांडण झालं नाही.

तर भ्रमयुगम. हा मी थिएटरात बघितलेला नाही, हे आधीच कबूल करतो. तुलना थोडी लंगडी आहे. २०२४ च्या मार्चमध्ये तो घरबसल्या बघायला मिळायला लागला तेव्हा एकट्यानं बघितला, कानात हेडफोन घालून. काळापांढरा. चार-पाचच माणसं. सतरावं शतक, मलबारचा मुलूख, गुलामगिरीतून पळालेला एक पाणन, म्हणजे गाणी म्हणत फिरणाऱ्या जातीतला माणूस, भुकेनं कासावीस होऊन एका उजाड वाड्यात शिरतो. वाड्याचा धनी कोडुमोन पोट्टी त्याला हाकलत नाही, बसवून घेतो. मल्याळी नट मामुट्टीनं हा पोट्टी असा केलाय की तो हसला की जास्त भीती वाटते.

मी आधी हिंदी डबिंग लावून बघितलं. दहा मिनिटांत बंद केलं. डबिंग करणाऱ्याचा दोष नसेल, पण मामुट्टीचा स्वतःचा आवाज काढून घेतला तर उरतो तो नुसता एक दाढीवाला म्हातारा. तो आवाज सावकाश येतो, पान चघळल्यासारखा शब्द फिरवतो, आणि शेवटचा स्वर जरा लांबवतो. मल्याळमचं एक अक्षर मला कळत नाही. पण पोट्टीचं धोतर, पोट्टीचा वाडा आणि पोट्टीचं तोंड एकाच गावचं आहे, एवढं कळतं. तुंबाडमध्ये मला नेमकं तेच मिळालं नव्हतं.

दुसऱ्यांदा बघितला तेव्हा आई सोबत होती. तिला इंग्रजी येत नाही, आणि खालची अक्षरं आमच्या टीव्हीवर मुंगीएवढी. म्हणून मी वाचून मोठ्यानं मराठीत सांगत गेलो. सुरुवातीला पुस्तकी सांगत होतो, "आपण भोजन करून जावे" वगैरे. आई म्हणाली, "नीट सांग की." मग मी आमच्या बोलीवर आलो. पोट्टी त्या भुकेल्या माणसाला थांबवून घेतो तिथं मी म्हटलं, "कुठं निघालास बा, जेवून जा की." आई एकदम ताठ बसली.

ही वाक्यं आमच्याकडं रोज ऐकू येतात. मराठी घरात 'जेवून जा की', कन्नड घरात 'ऊटा माडकोंड होग्री'. नाही म्हणायची सोय नसते. जुन्या देसायांच्या वाड्यावर आईचे आजोबा कामाला होते. तिथंही म्हणे असंच गोड बोलून बसवून घ्यायचे, आणि माणूस दोन पिढ्या तिथंच राबायचा. आईनं सिनेमा थांबवायला सांगितला आणि ही गोष्ट सांगितली, मी पन्नाशीला आलो तरी कधी सांगितली नव्हती. मग म्हणाली, "जेवायला बसला ना? तिथंच चुकला तो. लाव पुढं."

पुढं फाशांचा डाव आहे. पणाला काय लागतं ते सांगत नाही. पण त्या डावाच्या वेळी आमच्याकडं करंट गेला. इन्व्हर्टरवर टीव्ही नाही. अंधारात बसून मी आईला आठवत होतं तेवढं पुढचं सांगितलं, आणि ती म्हणाली, पुरे. लाईट आल्यावरच बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला उजेडात बघितला. ती पद्धतही वाईट नाही.

म्हणजे झालं काय, तुंबाडची हिंदी आम्हा सगळ्यांना कळते, म्हणून ती कुणी मराठीत सांगितली नाही. ती हिंदीच राहिली. भ्रमयुगम कळत नव्हता, म्हणून तो आमच्या घरात मराठीत आणावा लागला, आणि आला तो थेट आमच्या बोलीत. हा काही सिनेमाचा गुण म्हणता येणार नाही, माहीत आहे. पण माझ्यापुरतं पारडं तिथंच झुकलं.

भ्रमयुगममध्येही खटकणाऱ्या जागा आहेत. उत्तरार्धात स्वयंपाक्याच्या तोंडून बरंच काही समजावून सांगितलंय, तिथं झोपाळू माणूस डुलकी काढेल. शिवाय स्वस्तातल्या टीव्हीवर काळापांढरा सिनेमा म्हणजे अर्धा वाडा डांबरात बुडालेला. खोलीतला दिवा घालवा, खिडकीवर चादर टाका, टीव्हीचा तो भडक रंगाचा मोड बंद करा. एवढं केलं नाही तर नंतर मला नावं ठेवू नका. तुंबाड अशा अटी घालत नाही. तो फोनवर बघितला तरी धरून ठेवतो, आणि तासाभरानं आलेल्या माणसालाही काय चाललंय ते कळतं.

म्हणून चार पोरं, चिरमुऱ्याची पिशवी, मधे मधे उठून जाणारे, फोनवर बोलणारे, असा कारभार असेल तर तुंबाडच लावावा. सगळे एकदमच दचकतात, मजा येते. लहान मुलं असतील तर दोन्ही नको. तुंबाडमध्ये आईबापासमोर बघताना अवघडायला होईल अशाही जागा आहेत. दोघंतिघंच असाल, घाई नसेल, आणि सिनेमा संपल्यावर लगेच झोपायचं नसेल, तर माझं मन भ्रमयुगमकडं जातं. त्याच दिग्दर्शकाचा, राहुल सदाशिवनचा, २०२२ चा भूतकालम फार कमी लोकांनी बघितलाय. आई, मुलगा आणि भाड्याचं घर, बस्स. वाडाबिडा काही नाही. माझ्या एका मित्रानं तो बघून घर बदलायचा विषय काढला होता. त्याच्या बायकोला आधी कारण कळेना, तिला तो सिनेमा दाखवल्यावर कळलं.

आणि कुणी म्हणेल की इतका भाषेचा हट्ट आहे तर सरळ मराठीच बघ की. बघितलाय. २०१७ चा लपाछपी. पूजा सावंत, उषा नाईक, आणि चहूकडून ऊस. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या माणसाला तो जास्त भिववतो, कारण त्याला सिनेमा संपल्यावर उसातूनच घरी जायचं असतं. त्याचा हिंदी अवतारही त्याच दिग्दर्शकानं २०२१ मध्ये केला, छोरी नावाचा. ऊस तोच. पण तिथंही माझं घोडं त्याच जागी अडतं, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

भाच्याला काल पुन्हा फोन केला. त्या शनिवारी मॅचच झाली, पण नंतर त्यांनी तुंबाड लावला म्हणे, आवडला. मी विचारलं, भ्रमयुगम कधी? तर म्हणाला, "तू येऊन सांगणार असशील तर लावतो मामा. आजी म्हणाली, तू सांगितलास तर लय भारी वाटतो." शनिवारी जातोय. जेवून येईन म्हणून आधीच कळवलंय.